खुर्ची निघाली

"विश्राम!"

मनूमावशीने हुकूम सोडला आणि आम्ही चौघांनी तिची खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या वळणावर टेकवली. मी कठड्याला रेलून उभा राहिलो. बघणाऱ्याला वाटावं, दम घेतोय. खरं म्हणजे कमरेतून निघालेली कळ उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत गेली होती आणि ती ओसरेपर्यंत मला हसऱ्या तोंडाने उभं राहायचं होतं.

"काय रे जयवंता, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंयस?" मावशी म्हणाली.

"उकडतंय."

"जानेवारीत?"

"मग तुझं वजन वाढलं असेल."

"हात मेल्या!" तिने माझ्या मनगटावर चापट मारली. "बेचाळीस किलो आहे मी, शाळेत नोकरीला लागले तेव्हापासून. जड असेल तर ही खुर्ची. चला, सावधान! तेवीस... चोवीस..."

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. मावशी तेव्हा एक्याऐंशीची होती. मनोरमा त्रिलोकेकर. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं कवायत शिकवली, लग्न केलं नाही, आणि न्हाणीघरात पडून मांडीचं हाड मोडल्यापासून तिला जिना उतरता येत नव्हता. घरात काठी टेकत कशीबशी फिरायची. म्हणून दर रविवारी सकाळी दहाला आम्ही तिला खुर्चीत घालून तिसऱ्या मजल्यावरून खाली चौकात आणायचो आणि बाराला परत वर न्यायचो. सहासष्ट पायऱ्या खाली, सहासष्ट वर. मधेच दवाखाना, बँक, मतदान निघालं तर ते वेगळं. पायऱ्या मोजायचं काम मावशीचं, कारण उतरताना पुढचे पाय धरणारे दोघं पाठमोरे उतरायचे. ते दोघं म्हणजे मी आणि छापखान्यातला सदा वेंगुर्लेकर. वरच्या अंगाने खुर्चीची पाठ धरायला अण्णा कुडतरकर आणि फिलिप परेरा. चौघांत सदा सगळ्यात धाकटा, बावन्नचा. मी अठ्ठावन्न, फिलिप साठ, अण्णा सदुसष्ट. तरणी पोरं केव्हाच बोरिवली, ठाणे आणि त्याच्याही पुढे राहायला गेली होती.

हे काही मावशीसाठी काढलेलं नवीन खूळ नव्हतं. सुरंगीवाडीची ती जुनीच रीत. प्रत्येक इमारतीच्या जिन्याखाली एक हातांची सागवानी खुर्ची असायची. ज्याला जिना उतरवत नाही त्याला त्या खुर्चीतून न्यायचं. कुणीतरी "खुर्ची निघाली!" म्हणून ओरडलं, की मजल्यामजल्यावरची दारं उघडायची, जिन्यातल्या चपला-बादल्या आत जायच्या, आणि जो पुरुष घरात असेल तो हात लावायला बाहेर यायचा. जेवत असला तर हात धुऊन यायचा. बोलवावं लागत नसे, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्या वेळेला दिवस भरले तेव्हा माझी आई त्याच खुर्चीतून उतरली होती. तिला उतरवणाऱ्यांची नावं मला लहानपणी देवांच्या नावांसारखी पाठ होती.

जुन्या वाडीत राहण्याची मजा काय असते म्हणून लोक विचारतात. काय सांगावं! गिरगावातल्या तीन तीन मजली इमारती, हिरव्या रंगाच्या लाकडी गॅलऱ्या, खिडक्यांना रंगीत काचा, मधे फरसबंद चौक आणि चौकात सुरंगीची दोन झाडं. फुलायला लागली की तिसऱ्या मजल्यापर्यंत वास. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, पण आमच्या छपराचं एक कौल हललं नाही. माझ्या घराची किल्ली तीन घरांत आणि तीन घरांच्या किल्ल्या माझ्याकडे. वाडीचं नाव वारसा यादीत लागलं, तेव्हापासून रविवारी सकाळी माणसं कॅमेरे घेऊन आम्हाला बघायला यायची. आम्ही गॅलरीत गंजिफ्रॉक वाळत घातला तरी फोटो.

त्या रविवारीसुद्धा पहिल्या मजल्यावर दहाबाराजण भिंतीला चिकटून उभे होते. त्यांना वाडी दाखवणारी मुलगी हातमागाची साडी नेसलेली. आम्हाला बघून तिने सगळ्यांना हातानेच गप्प केलं. देवळात करतात तसं.

"लिफ्ट नाही इथे?" एका बाईंनी हळूच विचारलं.

"नाही ना. म्हणून तर इथली माणसं अशी टिकलीयेत," ती मुलगी म्हणाली.

टिकलीयेत! लोणचं टिकतं तसे आम्ही टिकलो होतो. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला खरंच वाटलं, बाई, रडताच आहात तर जरा माझा कोपरा धरा.

खाली चौकात मावशी दोन तास राज्य करायची. सुरंगीखाली तिची खुर्ची. कुणाचं पोर वाकून चालतंय, कुणाच्या सुनेने साडी वर नेसलीय, सगळं तिथून दिसायचं आणि मोठ्याने बोललं जायचं. येणारा-जाणारा तिच्या टपल्या खाऊन पुढे जायचा. मी मात्र पायरीवर बसून बारा वाजू नयेत म्हणून घड्याळाकडे बघत होतो. उतरवणं एक वेळ सोपं. चढवणं म्हणजे जीव जातो.

आणि त्या दिवशी जवळजवळ गेलाच. चढताना खालची बाजू आमचीच. दुसऱ्या मजल्याच्या वळणाआधी सदाचा पाय चुकला, खुर्ची डावीकडे कलंडली आणि सगळा भार माझ्या कमरेवर आला. मी कसा तोलून धरला, देव जाणे.

"काय झालं?" अण्णा वरून ओरडले.

"चप्पल सटकली," सदा म्हणाला.

 मावशीने एकोणचाळीसनंतर पायऱ्या मोजायच्याच सोडल्या होत्या.

घरी आल्यावर मी जमिनीवर पालथा पडलो. रोहिणी, माझी बायको, गरम पाण्याची पिशवी घेऊन आली आणि रागाने ती माझ्या कमरेवर जवळजवळ आपटलीच.

"दिवाळीत डॉक्टर काय म्हणाले? पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. मणका सरकलाय. उद्या पाय लुळा पडला तर तुम्हाला कोण उचलणार? तुम्हाला खुर्चीत घालून नेणारे आहेत कुठे?"

"हळू बोल. खाली ऐकू जातं."

"जाऊ दे की! सांगायचंच आहे ना कधीतरी? तुम्ही सांगता की मी सांगू?"

"वाडीत असं सांगत नाहीत गं."

"कसं सांगत नाहीत? मला होत नाही, एवढे तीन शब्द. तोंड झिजतं?"

तिला कसं समजवायचं? ती लग्न होऊन आलेली, मी इथे जन्मलेला. मला होत नाही, हे शब्द मी वाडीत कुणाच्याही तोंडून ऐकलेच नव्हते. माझा बाप दम्याने शिट्ट्या वाजत असताना दुसऱ्याच्या बापाला उतरवायचा. मग मी काय तोंड दाखवणार होतो? आणि मी बाजूला झालो तर तिघांनी काय करायचं? चौथा माणूस आणायचा कुठून? मावशी वर अडकली असती ती माझ्यामुळे.

म्हणून मी लिफ्टच्या मागे लागलो. आमच्या जिन्याच्या मधोमध मोठी पोकळी आहे. त्यात छोटी लिफ्ट बसते, जुन्या धाटणीची, जाळीच्या दाराची. वारसा समितीचीही हरकत नव्हती. फक्त प्रत्येक मजल्यावर कठडा हातभर कापावा लागणार होता. वाडीच्या ट्रस्टने कळवलं की इमारतीतल्या बाराच्या बारा बिऱ्हाडांनी सही केली तर काम सुरू करू. एक जरी नको म्हणाला तरी नाही.

अर्ज मी लिहिला. टपाल खात्यात पस्तीस वर्षं काढलेली, अर्ज लिहिण्यात मला कोण हरवणार? 'तिसऱ्या मजल्यावरील ज्येष्ठ रहिवासी श्रीमती मनोरमा त्रिलोकेकर यांना जिना उतरणे अशक्य झाल्यामुळे व त्यांच्या सोयीसाठी' अशी सुरुवात ठोकून दिली. त्यापुढे कुणाची नाही म्हणायची टाप होती?

आठवडाभर संध्याकाळी घरोघर हिंडलो. अण्णांनी सगळ्यात जास्त रडवलं. त्यांचा त्या शिसवी कठड्यावर जीव. दर दसऱ्याला स्वतः पॉलिश करायचे.

"कापणार? हा कठडा कापणार?" ते म्हणाले. "अरे, लोक लांबून बघायला येतात तो."

"बघणारे बघून जातात हो अण्णा. मावशीला उतरायचं असतं."

ते बराच वेळ कठड्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मावशीसाठी हां. नाहीतर माझी सही तुला मेल्यावरही मिळाली नसती." सही करून झाल्यावर मात्र त्यांनी असा काही सुस्कारा सोडला की मी बघतच राहिलो. फिलिपने अर्ज वाचलासुद्धा नाही. माझ्या हातातून पेन जवळजवळ हिसकावूनच घेतलं. सदाने कागद नाकापर्यंत नेला, दोनदा फिरवला आणि विचारलं, "कुठे करायची?" मी बोट ठेवून दाखवलं. तरी सही भलतीकडेच गेली.

शनिवारी संध्याकाळपर्यंत अकरा सह्या झाल्या. बारावी मावशीची. ती तर काय, धरलेलीच होती. मी आधी तिच्याकडे गेलोसुद्धा नव्हतो. जिच्यासाठी सगळं चाललंय तिला काय विचारायचं?

मी वर गेलो तेव्हा ती गॅलरीजवळ खाटेवर बसून पायांचे व्यायाम करत होती. तिने मला नारळाची वडी दिली, चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत वाचला. मग घडी घालून मला परत दिला.

"नको," ती म्हणाली.

मला वाटलं, पेन नको म्हणतेय. "दुसरं देतो."

"लिफ्ट नको रे. मी नाही सही करणार."

वडी माझ्या घशातच अडकली. "अगं, काय बोलतेस? तुझ्यासाठीच तर..."

"आवाज होतो लिफ्टचा. दिवसभर धडाड्-धूम."

"नव्या लिफ्टचा नाही होत."

"वीज गेली की आत अडकायला होतं."

"तू काय रोज दहा वेळा फिरणार आहेस? आठवड्यातून एकदा!"

"आणि अण्णाचा कठडा? त्याचा जीव आहे त्यावर."

"अण्णांची सही सगळ्यात वर आहे, बघ. मावशी, खरं कारण सांग."

"हेच खरं. जिना चांगला आहे आपला. उगाच बिघडवायचा कशाला? एवढी माणसं कौतुक करतात."

आता माझं डोकं फिरलं. आठवडाभर मजले चढून-उतरून पायात गोळे आले होते, कंबर ठणकत होती, आणि ही बाई मला जिन्याचं कौतुक सांगत होती.

"कौतुक करणाऱ्यांचं काय जातंय?" मी ओरडलो. "ते फोटो काढून घरी जातात. जिना आम्ही चढतो, तुला घेऊन. मरेपर्यंत तुला वाहतच राहायचं का आम्ही?"

मला थांबायला हवं होतं. पण एकदा तोंड सुटलं की सुटलं.

"रविवारी सकाळी डोळे उघडले की माझ्या मनात पहिलं काय येतं, सांगू? आज मावशीला ताप असू दे, असं येतं. देवाशप्पथ. जास्त नको, थोडा. एवढाच, की ती म्हणेल, आज नको."

बोललो आणि मलाच घाम फुटला. खाली अण्णांकडे शनिवारचा पत्त्यांचा डाव बसला होता, त्यांच्या हसण्याचा आवाज वर येत होता. मावशीने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"हे चांगलं झालं बोललास ते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा. "मग अर्जात माझं नाव कशाला घातलंस? लिफ्ट मला हवीय का तुला?"

मी अर्जाची घडी उगाच उलटसुलट केली.

"मला विचारलंस कधी? एकदा तरी? माझ्या सोयीसाठी म्हणे. जयवंता, मी चौतीस वर्षं पोरींना रांगेत उभं केलंय. कोण कुठल्या पायावर भार देतं ते मला पाठीमागून कळतं. दिवाळीपासून तू उजवा पाय जपतोस. काय झालंय?"

"मणका सरकलाय," मी म्हणालो. "उचलायचं नाही असं सांगितलंय. मावशी, मी थकलोय गं. मला नाही होत आता."

झालं. रोहिणीचे तीन शब्द बाहेर पडले. छत कोसळलं नाही. मला फक्त रडू येईल असं वाटलं, म्हणून मी गॅलरीकडे बघत बसलो.

मावशीने काठी उचलली आणि जमिनीवर तीनदा आपटली. खालचा पत्त्यांचा आवाज थांबला. दोन मिनिटांत अण्णा, फिलिप आणि सदा धापा टाकत दारात हजर.

"काय झालं? कुठे जायचंय?" फिलिप म्हणाला. "खुर्ची आणू?"

"कुठे जायचं नाही. बसा," मावशी म्हणाली. "याची कंबर गेलीय. दिवाळीपासून. तुमच्यापासून लपवून उचलत होता."

मी मान खाली घातली. आता अण्णा काय म्हणणार, माझ्या बापाचं नाव काढणार, म्हणून वाट बघत राहिलो. मग अण्णा खुर्चीत बसले आणि शर्टाचं वरचं बटण उगाच काढून परत लावायला लागले.

"मला दोन स्टेंट घातलेत," ते म्हणाले. "गणपतीत पुण्याला मुलीकडे गेलो होतो ना, ते त्यासाठी."

"अहो अण्णा!" मी म्हणालो.

"सांगणार कसं? मी थांबलो असतो तर तुम्ही तिघांनी काय केलं असतं?"

फिलिपने शर्ट वर केला. पोटाला हा रुंद पट्टा. "हर्निया," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. ऑपरेशन केलं तर सहा महिने वजन उचलायला बंदी. म्हणून थांबलोय."

आता सगळे सदाकडे बघायला लागले. तो आमच्यातला जवान गडी.

"मला काही नाही," सदा म्हणाला. "ठणठणीत आहे मी."

"मग गेल्या रविवारी पाय कसा चुकला?" मावशीने विचारलं.

"मोतीबिंदू आहेत," तो पुटपुटला. "दोन्ही. पायऱ्या दिसत नाहीत. मी तुझ्या आकड्यांवर चालतो. त्या दिवशी तूच मोजायची थांबलीस."

मावशी आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिला जे हसू फुटलं! खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. "एकाचा मणका, एकाचं काळीज, एकाची आतडी, आणि हा आंधळा! आणि मी वर बसून सावधान-विश्राम करतेय! अरे देवा, मी जिवंत कशी राहिले?"

आम्हीही हसायला लागलो. फिलिप तर पोटाचा पट्टा धरून. चार म्हातारे, कैक महिने एकमेकांना तोंड दाखवता यावं म्हणून एका म्हातारीचा जीव टांगणीला लावून जिना उतरत होते. वाडीबाहेरच्या कुणाला सांगितलं तर विश्वास ठेवणार नाही.

हसणं ओसरल्यावर अण्णा म्हणाले, "मग मावशी, आता कर ना सही. आता काय अडलंय?"

मावशीने डोळे पुसले. आता मात्र ती हसत नव्हती.

"हसू नका हां," ती म्हणाली. "खुर्चीत बसवताना हा जयवंता माझ्या काखेत हात घालतो. अण्णा पाय उचलून ठेवतो. फिलिप पदर नीट करतो. सदा हात धरतो, मी पडू नये म्हणून की तो पडू नये म्हणून, ते आज कळलं. खाली चार पोरी गळ्यात पडतात. आठवड्यातून एवढंच. बाकीचे सहा दिवस मला कुणाचा हात लागत नाही रे. मोलकरीण येते, भांडी घासते, जाते. मी माझी आंघोळ करते, माझी वेणी घालते. सगळे दारातून विचारतात, मावशी, बरी आहेस ना? बरीच आहे मी. लिफ्ट आली की माझी मी बटण दाबून खाली येणार आणि माझी मी वर जाणार. मग मला कोण कशाला हात लावेल?"

सदा चष्मा नसलेले डोळे चोळत राहिला. मला माझी तापाची गोष्ट आठवली आणि जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आण तो कागद," मावशी म्हणाली. "सही करते. पण माझं नाव खोड आधी. आणि लिही, की खालील चौघांना आता उचलवत नाही. चौघांची नावं घाल. खरं ते लिहा."

मी तिथेच खाटेच्या कडेवर कागद ठेवून लिहिलं. आयुष्यात एवढा छोटा अर्ज मी कधी लिहिला नव्हता. मावशीने शाळेच्या हजेरीपुस्तकात करायची तशी पल्लेदार सही केली.

"किती दिवस लागतील?" तिने विचारलं.

"वर्ष तरी जाईल," मी म्हणालो.

"बरं. तोवर मी वर. उद्यापासून खुर्ची बंद. कुणी शहाणपणा करायचा नाही. विश्राम."

चौदा महिने लागले. चौदा महिने मावशी खाली उतरली नाही. डॉक्टर वर यायचे, बँकेचा माणूस वर यायचा. आम्ही चौघांनी ठरवलं होतं, की पाळीपाळीने रोज कुणीतरी वर जायचं. पहिला महिना गेलोही. मग दिवसाआड. मग फिलिपचं ऑपरेशन झालं, सदाचे डोळे झाले, माझी निवृत्ती आली. कारणं काय, मिळतातच. मी आठवड्यातून एकदा तरी जायचो, समोरच्या खुर्चीत बसायचो, चहा प्यायचो, ती चार शिव्या घालायची आणि मी उठायचो. तिला हात मात्र लावला नाही. सुचलं नाही असं नाही. दर वेळी सुचायचं. पण जिना उतरवायला काखेत हात घालणं सोपं असतं हो. नुसताच हात हातात घ्यायचा, काही कारण नसताना, ते आपल्यात कुणाला जमतं? मला माझ्या आईचाही जमला नव्हता.

लिफ्ट आली. अण्णांनी कापलेल्या कठड्याची टोकं स्वतः घासून गोल केली. पॉलिशही असं मारलं, की बघायला येणारे लोक आता त्याचेच फोटो काढायला लागले. मावशी पहिल्या रविवारी वॉकर घेऊन एकटी खाली आली. वाडीने टाळ्या वाजवल्या. ती सुरंगीखाली बसली, बाराला उठली आणि वर गेली. पुढच्या रविवारीही तसंच. छान चाललं होतं सगळं. माझी कंबर पुष्कळ सुधारली. रविवारी मी नऊपर्यंत झोपायला लागलो.

महिन्याभराने असेल, रविवारीच, मी तिसऱ्या मजल्यावर जोशींकडे काही द्यायला गेलो होतो. परत निघालो तर मावशी लिफ्टपाशी उभी. मी जाळी ओढली, तिचा वॉकर आत घेतला, मीही शिरलो. खालचं बटण दाबलं. लिफ्ट हळूहळू खाली सुटली. त्या डब्यात दोन माणसं जेमतेम मावतात. मावशी समोर बघत होती. मीही समोर बघत होतो. दुसरा मजला आला, वर गेला.

मग तिने वॉकरवरचा उजवा हात काढून माझ्याकडे केला.

"धर," ती म्हणाली.

मी धरला. हाडं आणि कातडं, आणि आश्चर्य वाटेल इतका ऊबदार. काही बोलायला हवं होतं. माफी मागायला हवी होती त्या तापाची. पहिला मजला आला आणि गेला.

लिफ्ट खाली टेकली. जाळीबाहेर रोहिणी भाजीची पिशवी घेऊन उभी होती, तिच्यामागे फोटोवाल्यांचा घोळका. मावशीचा हात सैल झाला. मी तो सोडला नाही. दुसऱ्या हाताने तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं.

"अहो, काय झालं? दार उघडत नाही का?" रोहिणी बाहेरून ओरडली.

लिफ्ट वर निघाली.

"कुठे चाललास रे?" मावशीने विचारलं.

"वर," मी म्हणालो.

तिने हात काढून घेतला नाही.